फिरत्या घरात जादा फ्रीझर

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे घालवलेल्या माणसाने फ्रीझरवर लेख लिहावा, हे आमच्या वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत आम्हाला सर्वात महाग पडलेला धडा कापडाचा नव्हता, तर जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या एका वायरचा होता. आपल्यातील पुष्कळ बांधव सेल आणि प्रदर्शनांसाठी महिना-महिना घराबाहेर असतात, आणि पुष्कळ बांधव फ्रीज दुरुस्ती व गाड्यांच्या वायरिंगची कामे करतात. दोघांच्याही उपयोगाची गोष्ट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही मालेगावचे. साड्या, लुंगी, ड्रेस मटेरियल आणि सोलापुरी चादरी घेऊन गावोगावच्या मंगल कार्यालयांत सेल लावतो. मे महिन्यात कोकणात लग्नसराई असते, मुंबईकर व आखातातून सुट्टीवर आलेले लोक घरी असतात, म्हणून खेड, चिपळूण, रत्नागिरी हा आमचा ठरलेला दौरा. माल टेम्पोने जातो, माणसे सहा. पूर्वी लॉजच्या तीन खोल्या घ्याव्या लागत. एका दौऱ्यात खोल्या आणि हॉटेलचे जेवण यांचा खर्च जोडला तेव्हा मोठे भाऊ म्हणाले, "हा तर एका नोकराचा वर्षाचा पगार झाला." त्यानंतर २०२२ मध्ये आम्ही एक जुनी मोटर कॅराव्हॅन विकत घेतली. ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली, चार बर्थ, छोटा ओटा, पाण्याची टाकी, १५० एएचची घरगुती कामाची वेगळी बॅटरी आणि १२ व्होल्टवर चालणारा ऐंशी लिटरचा फ्रीज. चौघे गाडीत झोपतात, दोघे मालाजवळ.

जेवण घरचे होऊ लागले. मटण आमच्या ओळखीच्या कसायाकडचे, घरून निघतानाच घेतलेले. बाहेरगावी कोणत्या दुकानात काय मिळते आणि ते कसे कापलेले असते, हा प्रश्नच उरला नाही. परंतु फ्रीजचा बर्फाचा कप्पा इतका लहान, की त्यात दोन किलो खिमा मोठ्या मुश्किलीने मावे. आम्ही शहाणपणा केला. मटण खालच्या कप्प्यात रचले आणि ते टणक राहावे म्हणून फ्रीजचा काटा शेवटपर्यंत फिरवून ठेवला.

मोठ्या भावांना मधुमेह आहे. त्यांच्या इन्सुलिनचे पेन त्याच फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला टेकून होते. दौऱ्याच्या चौथ्या दिवशी त्यांची साखर चढू लागली. औषध वेळेवर, जेवण बेताचे, तरी आकडा खाली येईना. चक्कर येऊन गल्ल्यावर बसलेच तेव्हा आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "इन्सुलिन ठेवता कुठे?" न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते. एकदा गोठले की ते फेकून द्यावे लागते, मग वितळल्यावर दिसायला ते पहिल्यासारखे का असेना. आमचे सर्व पेन गोठून गेले होते. मटण वाचवण्यासाठी आम्ही भावाचे औषध मारत होतो.

एका कपाटात दोन हवामाने राहत नाहीत. मटणाला उणे १८ पाहिजे, औषधाला व दुधाला चार. लहान फ्रीजला काटा एकच असतो. म्हणून जादा फ्रीझर हा आमच्यासाठी चैनीचा विषय राहिला नाही.

बाजारात विचारपूस सुरू केली तर सल्ल्यांचा पाऊस. एका दुकानदाराने थर्मोइलेक्ट्रिक पेटी गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. स्वस्त, हलकी, आवाज नाही. ही पेटी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण वीस अंशच खाली जाते, म्हणजे मे महिन्याच्या अडतीस अंशांत आत अठरा. मटणाला तिचा काहीच उपयोग नाही. दुसऱ्याने घरगुती शंभर लिटरचा डीप फ्रीझर इन्व्हर्टरवर चालवा म्हटले. किंमत खरोखर कमी. पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालण्याच्या कितीतरी पट करंट ओढतो, तेवढा मोठा इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि तो इन्व्हर्टर रिकामा बसला तरी बॅटरी खात राहतो. शिवाय घरचे यंत्र घाटातल्या धक्क्यांसाठी बांधलेले नसते. परदेशातील फिरत्या घरांत गॅसवर चालणारे अमोनियाचे फ्रीज पुष्कळ आहेत. त्यात कॉम्प्रेसरच नसतो. परंतु गाडी तिरकी उभी राहिली की ते नीट चालत नाहीत, आणि आमची कार्यालयांची मैदाने सपाट क्वचितच असतात. शेवटी १२ व २४ व्होल्टवर थेट चालणारी, खऱ्या कॉम्प्रेसरची, वरून उघडणारी चाळीस लिटरची पेटी घेतली. सुमारे तीस हजार पडले. वरून उघडणाऱ्या पेटीचा फायदा असा की झाकण उघडले तरी थंड हवा जड असल्याने तळाशीच राहते.

आता बसवण्याची हकिकत. यात आमची अक्कल किती तोकडी होती ते लपवत नाही.

जागा ठरली मागच्या बर्थखाली. सुताराने पेटीच्या मापाचा सुंदर खण केला, आतून बाहेरून सनमायका, बोट शिरणार नाही इतका चोख. आम्ही खूश होऊन त्याला शंभर रुपये जास्त दिले. वायरिंग गावातल्या एका इलेक्ट्रिशियनने केले. बर्थजवळ दिव्यासाठी आलेली वायर होतीच, तीच त्याने फ्रीझरच्या प्लगला जोडली. "पाच अँपिअरच तर घेतो, चाचा, दिव्याची वायर सहज ओढेल." दिवा लागला, फ्रीझर घूं करून चालू झाला, पडद्यावर आकडे खाली उतरू लागले. आम्ही पैसे देऊन टाकले.

२०२३ च्या मे महिन्यात, ईदनंतर, बारा किलो मटण भरून निघालो. भावांचे इन्सुलिन फ्रीजमध्ये, काटा मध्यावर, शेजारी छोटे थर्मामीटर. खेडला चार दिवसांचा सेल होता. कार्यालयाचा व्यवस्थापक रात्री दहाला मेन स्विच बंद करून घरी जाई आणि सकाळी नऊला उघडी. दिवसभर आमचा चार्जर चाले, रात्री सर्व भार बॅटरीवर. सकाळी चहाला उठून बघावे तर फ्रीझरचा दिवा कधी बंद, कधी लुकलुकणारा. नऊ वाजता लाइट आली की यंत्र आपोआप चालू. दुपारी झाकण उघडले की पाकिटे टणक. आमची समजूत, सर्व ठीक आहे.

शंका आली ती स्वयंपाक करणाऱ्या पुतण्याला. तो म्हणाला, "पाकिटे एकमेकांना चिकटून एक दगड झाली आहेत आणि तळाला लाल बर्फ आहे." घरी आमची अम्मी एक युक्ती करीत असे, ती आठवली. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवायचे. नाणे वरच असेल तर बर्फ कधी वितळला नाही. आम्ही वाटी पाकिटांवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिले तर वाटीत कडक बर्फ, आणि नाणे तळाशी.

म्हणजे रोज रात्री मटण सुटत होते आणि रोज दिवसा पुन्हा गोठत होते. वरचे थर तर खराबच झाले होते. वास घेतल्यावर कोणाला विचारण्याची गरज राहिली नाही. नऊ किलो मटण कार्यालयामागे खड्डा खणून पुरले. अन्न असे मातीत घालताना भाऊ काही बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवलेही नाहीत.

पुढची चूक आम्ही घाईत केली. खेडच्या एका दुकानात गाडी नेली. तेथील माणसाने इंजिन बंद करून मीटर लावला, बारा व्होल्टच्या किंचित वर आकडा पाहिला आणि निकाल दिला की बॅटरी गेली. जुनी बॅटरी मोडीत, नवी १५० एएचची सतरा हजारांना. त्या रात्री फ्रीझर पुन्हा बंद पडला. फक्त दीड तास उशिरा.

चिपळूणला मात्र आमचे नशीब उघडले. सेलसाठी दिव्यांची माळ लावायला आलेला एक तरुण, रिक्षांचे वायरिंग करणारा, आमची कहाणी ऐकून म्हणाला, "चाचा, बॅटरीवर मीटर लावून काय कळणार? फ्रीझर चालू असताना फ्रीझरच्या तोंडाशी लावा." बॅटरीवर ११.९ होते. फ्रीझरच्या प्लगवर १०.९. एक व्होल्ट रस्त्यातच गायब.

त्याने दिव्याची वायर काढून दाखवली. एक स्क्वेअर एमएमची. बॅटरी चालकाच्या आसनाखाली, फ्रीझर मागे. अंतर सहा मीटर, पण करंटला जाऊन परत यावे लागते म्हणून बारा मीटर धरायचे. बारा मीटर एक एमएमच्या तांब्याला सुमारे ०.२ ओहमचा रोध असतो. पाच अँपिअर गुणिले ०.२, झाला एक व्होल्ट. घरातल्या २३० व्होल्टमध्ये एक व्होल्ट गेला तर कोणाला पत्ता लागत नाही. बारामध्ये एक गेला तर बारावा हिस्सा गेला. ही साधी गोष्ट घरगुती वायरिंग करणाऱ्या चांगल्या चांगल्या मिस्त्रींच्या ध्यानात येत नाही, कारण त्यांची नजर वायर गरम होते की नाही यावर असते. आमची वायर गरम होत नव्हती. ती फक्त व्होल्टेज खात होती.

दुसरा भेद त्यानेच सांगितला. अशा फ्रीझरमध्ये बॅटरी वाचवण्याची सोय असते, तीन पायऱ्यांची. आमची सर्वात वरच्या पायरीवर होती. इंजिनच्या बॅटरीवर जोडले असेल तेव्हा ही पायरी योग्य, म्हणजे सकाळी गाडी सुरू होते. त्या पायरीवर आमचे यंत्र ११.१ व्होल्टला स्वतःला बंद करी आणि १२.४ मिळाल्याखेरीज परत उठत नसे. (हे आकडे प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे असतात, पुस्तिकेत पाहावे.) रात्री १२.४ कुठून मिळणार? सकाळी चार्जर चालू झाला की मिळत. म्हणून आमच्या डोळ्यांसमोर ते सदा चालूच दिसे.

तिसरा दोष सुताराच्या देखण्या खणात होता. फ्रीझर थंडी निर्माण करीत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेर टाकायला जागाच नसेल तर तो आपल्याच गरम श्वासात घुसमटतो. त्या बंद खणात आमचे यंत्र जवळजवळ अखंड चालत होते आणि तरी उणे दहाच्या खाली जात नव्हते.

त्या मुलाने दोन तासांत काम केले. बॅटरीपासून फ्रीझरपर्यंत सहा एमएमची तांब्याची स्वतंत्र जोडी, बॅटरीजवळ एका विताच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज फ्रीझरजवळ नव्हे, बॅटरीजवळ. कारण वायर मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवायचे असते. सिगारेट लायटरच्या सॉकेटसारखा ढिला प्लग काढून स्क्रूने आवळण्याचा कनेक्टर लावला. ढिला प्लग गाडीच्या हादऱ्याने सुटतो, गरम होतो आणि वितळतोही. पायरी खालच्यापैकी मधली केली. खणाला बाहेरच्या बाजूने खाली एक व वर एक जाळी, आणि पेटीच्या भोवती चार बोटे जागा. फ्रीझरवर आता ११.७ मिळत होते. रात्रभर चालला. नाणे वर राहिले.

मजुरी त्याने बाराशे रुपये मागितली. आम्ही त्याला दोन हजार व एक सोलापुरी चादर दिली. नऊ किलो मटण, सतरा हजारांची बॅटरी, आणि अडचण एवढ्या कामाची होती.

घरी परतल्यावर मात्र हिशेब नीट मांडला. एक अँपिअर-अवर मोजणारा छोटा मीटर बाजारात मिळतो, तो लावून चोवीस तास पाहिले. बंद खणात आमचा फ्रीझर उन्हाळ्यात दिवसाला ९५ एएच खात होता, जाळ्या झाल्यावर ६५. फ्रीज ३५, पंखे-दिवे-मोबाइल ३५. एकूण १३५. लेड बॅटरी १५० ची असली तरी ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हातात ७५. वायर कितीही जाड केली तरी वीज न मिळणाऱ्या मैदानात दुसऱ्या रात्री आम्ही अडकणारच होतो. गिऱ्हाइकाला गाडी देण्याआधी हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा, असे आम्ही कारागीर बांधवांना कळकळीने सांगू.

पुढे छपरावर २०० वॅटचे दोन सोलर पॅनेल लावले. कडक उन्हात फ्रीज आणि फ्रीझर दोघांचे त्यावर भागते. ढगाळ दिवसात भागत नाही, आणि जून लागल्यावर कोकणात त्याची आशा धरू नये. नंतर १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जोडीला घेतली. ती बहुतेक सगळी वापरता येते आणि वजन लेडच्या तुलनेत फारच कमी. इंजिनच्या डायनॅमोवरून ती भरायची तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर पाहिजे. सरळ जोडली तर ती इतका करंट ओढू शकते की डायनॅमो जळण्याची भीती. लेड बॅटरी झोपण्याच्या जागेत उघडी ठेवू नये, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

बसवण्याच्या बाबतीत आणखी थोडे. भरलेला फ्रीझर पन्नास किलोच्या आसपास जातो. नुसता ठेवला तर अचानक ब्रेक लागल्यावर तो तोफगोळा आहे. जमिनीच्या पत्र्याखाली पट्टी देऊन बोल्ट मारावेत आणि वरून कापडी पट्टा. मागच्या चाकांच्या फार मागे ठेवू नये, तेथे हादरे सर्वात जास्त. गॅस सिलेंडरजवळ तर नकोच. फ्रीज दुरुस्त करणाऱ्या मंडळींनी लेबल वाचावे: हल्ली पुष्कळ लहान फ्रीझरमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेटतो. गाडीच्या आत बसून ब्रेझिंगचा टॉर्च लावणे म्हणजे जिवाशी खेळ.

कायद्याचेही पाहावे लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाच्या विरुद्ध जाईल असा फेरबदल गाडीत करता येत नाही. आमची गाडी मुळातच मोटर कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली आहे आणि अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. एखाद्याने प्रवासी ट्रॅव्हलरची आसने काढून परस्पर बर्थ व फ्रीझर ठोकले तर विम्याचा दावा अडू शकतो. आधी आरटीओत विचारावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. अशा गाड्या वाढल्या तर त्यांचे वायरिंग, फ्रीज, सुतारकाम, गाद्या-पडदे हे सर्व कोणीतरी करणारच. चिपळूणच्या त्या मुलाकडे पदवी नव्हती, पण मीटर कुठे लावायचा हे त्याला ठाऊक होते.

भरण्याची रीत आता आमच्या घरातील बायकांनी ठरवून दिली आहे. लहान फ्रीझर गोठलेले गोठलेले ठेवण्यासाठी असतो. बारा किलो ताजे मटण एकदम भरले तर त्याला दीड-दोन दिवस लागतात, तोवर मधला भाग मऊच. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी घरच्या डीप फ्रीझरमध्ये पाव-अर्ध्या किलोची चपटी पाकिटे गोठवतात आणि फ्रीझर गाडीत रात्रभर रिकामा चालवून थंड करतात. रिकाम्या जागेत गोठलेल्या पाण्याच्या बाटल्या. रोजचे पाकीट आदल्या रात्री एकदाच काढून फ्रीजमध्ये टाकायचे, म्हणजे ते हळूहळू सुटते आणि फ्रीजलाही मदत होते. सुटलेले परत गोठवायचे नाही. वीज गेलीच तर पेटीवर रजई घालावी, आमच्याकडे रजयांना तोटा नाही. पण यंत्र चालू असताना जाळीवर काही येऊ देऊ नये. आणि नाण्याची वाटी कायम वर असते. आता थर्मामीटर आहे, गजर आहे, तरी भाऊ रोज सकाळी आधी नाणे पाहतात, मग स्वतःची साखर.

दौरा संपल्यावर गाडी दोन-तीन महिने उभी राहते. त्या वेळी फ्रीझर पुसून, प्लग काढून, झाकणात कटपीसची गुंडाळी अडकवून उघडा ठेवतो. पहिल्या वर्षी बंद ठेवला होता, तेव्हा आलेला वास काढायला आठवडा आणि दोन लिटर सिरका लागला.